काळ्या मिठाचं रोटोरुआ

न्यूझीलंडला खरं तर मी जाणार होते.

प्रसन्नच्या कंपनीत, मानेसरला, गाड्यांचे आरसे बनतात. त्या वर्षी आरसे इतके खपले की कंपनीने डीलर लोकांना सपत्नीक न्यूझीलंड दाखवायचं ठरवलं, आणि ते वऱ्हाड सांभाळून नेण्याचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं. त्यालाही सपत्नीक जायची मुभा होती. पण आशय तेव्हा दोन महिन्यांचा होता, आणि दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन इतका वेळ विमानात बसायची हिंमत ना माझ्यात होती ना त्या डीलर मंडळींत. तेव्हा माझ्या जागी नाना गेले. पत्नीच्या रकान्यात वडील कसे बसवले ते प्रसन्नलाच ठाऊक.

नाना म्हणजे माझे सासरे, मुरलीधर. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात त्यांची हयात गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षं दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. तिथे संध्याकाळी लॉनवर चार प्रांतांतले चार बाबू खुर्च्या टाकून बसायचे आणि महागाई भत्त्यापासून सांबारात गूळ घालावा का इथपर्यंत कशावरही भांडायचे. भांडण रंगलं की नानांचे कान लाल व्हायचे. सासूबाई होत्या तेव्हा खिडकीतून बघून मला सांगायच्या की आज कान चांगले तापलेत, पोळ्या जरा उशिराच टाकू.

पुढे सासूबाई गेल्या. मग निवृत्ती आली आणि क्वार्टरही गेलं. नाना गुडगावला आमच्या नवव्या मजल्यावर राहायला आले आणि हळूहळू गप्प झाले. इथे भांडायचं कुणाशी? लोक तळघरातून गाडीने जातात, तळघरात गाडीने येतात, आणि लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघतात. खाली उतरलं तर दोन गार्ड, एक घसरगुंडी आणि एक जनरेटर. त्यातला फक्त जनरेटर बोलतो. नाना आधी टीव्हीवरच्या बातम्यांशी वाद घालायचे, मग तेही थांबलं.

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ गावाहून परतले तेव्हा मात्र आठवडाभर कान लाल होते. ते सांगायचे आणि सृष्टी, माझी पाच वर्षांची, तोंड उघडं टाकून ऐकायची. तिथे म्हणे जमीनच उकळते. रस्त्याच्या कडेला चिखल पिठल्यासारखा रटरटतो. खडकातून गरम पाण्याचं कारंजं ताडाएवढं उडतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माओरी लोक पिढ्यान्‌पिढ्या घरं करून राहतात, मक्याची कणसं पिशवीत घालून उकळत्या कुंडात सोडतात, आणि चार गप्पा होईतो ती शिजून तयार. पाहुणा आला की त्यांचा एक योद्धा भाला परजत, डोळे वटारत पुढे येतो आणि पाहुण्यासमोर जमिनीवर एक पान ठेवतो. पाहुण्यांच्या म्होरक्याने नजर न हलवता, न हसता ते उचलायचं. उचललं की तुम्ही मित्र. मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवून दोघांनी एक श्वास वाटून घ्यायचा.

डीलरांच्या बसमध्ये सगळ्यांत वयस्क नाना, म्हणून म्होरके नाना. जूनमध्ये तिथे कडाक्याची थंडी, म्हणून डोक्याला माकडटोपी. योद्ध्याने टोपीकडे पाहिलं, नानांनी योद्ध्याकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीही हसलं नाही. नाना म्हणायचे, अख्ख्या नोकरीत माझ्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं.

पण गोष्ट सांगायला ऐकणारे लागतात, आणि ते संपले. मी, सृष्टी, दूधवाला, इस्त्रीवाला. जुलैत नाना परत गप्प झाले, आणि एका सकाळी चहाचा कप विसळता विसळता म्हणाले, "गणपती झाले की मी सांगलीला श्रीपादकडे जातो. कायमचाच."

श्रीपाद त्यांचे धाकटे भाऊ. प्रसन्नला ते पटलं. तिथे आपली माणसं आहेत, आपली भाषा आहे, त्यांना बरं वाटेल, असं म्हणून तो तिकीट काढून मोकळाही झाला. मला नाही पटलं. आशय फक्त नानांच्या खांद्यावर झोपतो, आणि तो झोपला तरच मला माझा म्हणून एक तास मिळतो. घरीदारी 'भैया, पानी दो' करणाऱ्या सृष्टीला 'उंबरठा' आणि 'फडताळ' हे शब्द येतात ते नानांमुळे, आमच्या फ्लॅटला दोन्ही नसताना. पण हे माझं झालं. त्यांच्याकडे बघून वाटायचं की सांगलीला जायचंय म्हणून ते निघालेले नाहीत, इथलं काम संपलं म्हणून माणूस स्वतःलाच फाइलसारखं दोरीने बांधून ठेवतोय. अशा माणसाला स्टेशनवर सोडून यायचं माझ्याच्याने होणार नव्हतं. आणि थांबवायचं कसं तेही सुचत नव्हतं.

ऑगस्टात गणपतीच्या देखाव्याची मीटिंग आमच्या हॉलमध्ये झाली. सोसायटीत आम्ही मराठी घरं मोजकीच, बहुतेक पुण्या-मुंबईची, कॉम्प्युटरवाली. आदली दोन वर्षं आम्ही एकच थर्माकोलचा रायगड केला होता. विजयालक्ष्मीताई आमच्या मंडळाच्या सर्वेसर्वा. त्यांनी जाहीर केलं की रायगडाचे दोन बुरूज तळघरात उंदरांनी खाल्लेत, तेव्हा यंदा काहीतरी दुसरं. सगळे जमिनीकडे बघू लागले. कोपऱ्यात आशयला थोपटत उभे असलेले नाना म्हणाले, "रोटोरुआ करा."

गुणवंत म्हणजे प्रसन्नचा मानेसरचा दोस्त. त्याने विचारलं, हे कुठल्या तालुक्यात आलं. मग नानांनी आशयला माझ्याकडे दिलं आणि बोलायला लागले. बोलणं संपलं तेव्हा चहा दोनदा झाला होता. कुणीतरी शंका काढली की गणपतीचा आणि रोटोरुआचा संबंध काय. नाना म्हणाले, गणपती पृथ्वीतत्त्वाचा देव, आणि जिथे पृथ्वी स्वतः बोलते तिथे त्याला बसवण्यात गैर काय? तत्त्वं किती आणि कुठली हे कुणालाच आठवेना, त्यामुळे ठराव पास झाला.

नानांची अट एकच होती. तोंडं रंगवायची नाहीत, जिभा काढायच्या नाहीत. त्या लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण म्हणजे त्यांचं कुळ, त्यांचं घराणं. दुसऱ्याचं घराणं आपण तोंडाला फासायचं नाही. हे ऐकून दोघं-तिघं हिरमुसले, कारण त्यांनी रोटोरुआ ऐकल्यापासून आरशासमोर जीभ काढायची तालीम सुरू केली होती. नाना म्हणाले, पाहुण्यासमोर पान तेवढं ठेवू, आपल्या धोतरात, आपल्या पद्धतीने. कुठलं पान? विजयालक्ष्मीताई म्हणाल्या, विड्याची पानं पूजेला आणतोच आहोत, त्यातलंच एक घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. महाराष्ट्रात राहिलो असतो तरी आम्ही हेच केलं असतं, पण आम्ही दिल्लीच्या बाजूला राहत होतो हे त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग कामाला जोर आला. कोंबड्यांच्या जाळीवर पोती टाकून डोंगर झाला. चिखलाच्या कुंडासाठी आशयचा आंघोळीचा टब गेला. सरोजिनी नगरच्या बाजारातून मी मुलतानी माती पिशव्या भरभरून आणली, दुकानदाराने माझ्या चेहऱ्याकडे पाहून आपलेपणाने सांगितलं की इतकी लागणार नाही. गुणवंतने तळाशी मत्स्यालयाचा पंप बसवला. चिखल 'बुडुक' म्हणाला आणि सृष्टी आनंदाने जमिनीवर लोळली. वाफेच्या कारंज्यांसाठी घरोघरचे कुकर डोंगरामागे गॅसवर चढले. ओळीने शिट्या व्हाव्यात म्हणून कुणाची ज्योत कधी मोठी करायची याची तालीम झाली. शिटीवरून कुकर कुणाचा ते बायका न बघता ओळखायच्या. आणि नुसतं पाणी उकळवणं कुणाच्याच हाताला पटेना, म्हणून आत बटाटे टाकले.

एवढं होऊनही नाना खूश नव्हते. "वास नाही," ते म्हणाले. वासाशिवाय रोटोरुआ म्हणजे नुसतं स्वयंपाकघर. तिथे सगळ्या गावाला गंधकाचा वास येतो, थेट नासक्या अंड्याचा. विजयालक्ष्मीताईंनी पदर खोचला. गणपतीसमोर अंडं येणार नाही, नासकं तर नाहीच नाही. नाना म्हणाले, अंडं कोण म्हणतंय, वास म्हणतोय. ताई म्हणाल्या, वास अंड्यातूनच येतो ना. यावर दोघं बरेच दिवस भांडले. मी लांबून नानांचे कान बघत होते. किंचित गुलाबी, इतकंच. ताई मुद्द्याला मुद्दा देत नसत, त्या नुसत्या 'नाही' म्हणत, आणि 'नाही'शी नानांना भांडता येत नसे.

उपाय सापडला तो आमच्या ओट्यावर. मी ताकात घालायला काळ्या मिठाची बरणी उघडली, आणि हात तसाच थांबला. बरणी नानांच्या नाकाखाली नेऊन धरली. नानांनी डोळे मिटले.

"हॉटेलातून बाहेर पडायचं," ते हळूच म्हणाले, "डाव्या हाताला चिखलाचं कुंड. पुढे लाकडी कमान. रसिका, हाच गं." मग डोळे उघडून बरणीत बघत राहिले. "तुझ्या जागी मीच जाऊन आलो. निदान वास तरी घे."

मी बरणी तशीच धरून उभी राहिले. गंधकाच्या वासाने डोळ्यांना पाणी येतं, ही एक सोय असते.

पहिल्या दिवशीच्या आरतीला सोसायटीचे अध्यक्ष सचदेवा यांना बोलवायची पद्धत होती. हे पाण्याच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, लिफ्टमध्ये मुलांनी सगळी बटणं दाबू नयेत, अशा सूचना लावण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. ते आले तेच डोंगरामागचे सिलिंडर मोजायच्या इराद्याने. पण वाटेत नाना उभे होते. धोतर, उपरणं, हातात आमच्या बेडरूमच्या पडद्याचा रॉड. नाना डोळे वटारून दोन पावलं पुढे आले, रॉड फिरवला, आणि सचदेवांच्या बुटांपुढे विड्याचं पान ठेवून मागे सरले. डोंगरामागे ताईंचा कुकर बोलला. कुकरात घातलेल्या काळ्या मिठाची वाफ मांडवभर झाली.

सचदेवांनी पानाकडे पाहिलं. नानांकडे पाहिलं. हसले नाहीत. वाकून पान उचललं. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात सचदेवांनी पान रुमालाने पुसलं, घडी घातली आणि तोंडात टाकलं.

थोडं चावून म्हणाले, "सादा है? न चूना, न कत्था?"

नानांनी रॉड खाली टेकवला. माओरी लोकांनी या प्रसंगाची काहीच तरतूद करून ठेवलेली नव्हती. "भाईसाहब," नाना म्हणाले, "उठाना था। खाना नहीं था।"

"उठाया कि नहीं?"

"उठाया।"

"तो नियम पूरा हुआ। उसके बाद पान मेरा।"

नानांनी समजावलं की हे पान म्हणजे शांतीची खूण, ते जपून ठेवायचं असतं, तुम्ही तर शांतीच खाल्लीत. सचदेवांनी शांतपणे घास गिळला. "अंदर गई। अब कोई छीनकर दिखाए।"

मी नानांच्या कानांकडे पाहिलं. इतके लाल कान मी लक्ष्मीबाई नगर सोडल्यापासून पाहिले नव्हते. मागे एकामागून एक कुकर शिट्या देत होते, गुणवंत ओरडून विचारत होता की गॅस बंद करू का, भटजी घंटा हातात धरून उभे होते, आणि हे दोघे निवृत्त अधिकारी, उचलणं कुठे संपतं आणि खाणं कुठे सुरू होतं, यावर एकमेकांची उलटतपासणी घेत होते. सिलिंडर मोजायचे राहून गेले. आरती जेवणाच्या वेळेला झाली.

दुसऱ्या दिवशी वेगळंच झालं. काळ्या मिठाचा वास वाऱ्याबरोबर सगळ्या टॉवरांतून फिरला आणि संध्याकाळी मांडवात रांग लागली. इतकी माणसं त्या सोसायटीत राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं. प्रत्येकाचा एकच प्रश्न, गोलगप्पे, म्हणजे आपली पाणीपुरी, कुठे आहेत. नाना रोटोरुआ समजावायला लागले की लोक नम्रपणे ऐकायचे आणि मग विचारायचे, हाँ जी, लेकिन गोलगप्पे? तिसऱ्या दिवशी विजयालक्ष्मीताईंनी शरणागती पत्करली. बटाटे शिजलेले होतेच. मंडळाने मांडवाच्या तोंडाशी गोलगप्प्यांचं टेबल टाकलं. माणसं खायची, मग हात पुसत आत यायची, गणपतीला नमस्कार करायची, आणि चिखल 'बुडुक' म्हणाला की मुलं किंचाळायची. टबातली मुलतानी माती मात्र रोज उतरत होती. चोर कधी सापडला नाही, पण समोरच्या टॉवरमधल्या दोन-तीन बायकांचे चेहरे त्या आठवड्यात फारच उजळले.

आणि रोज, आरतीच्या आधी, सचदेवा नवीन हरकत घेऊन यायचे. फवारा सीटी नहीं मारता। "आपने देखा है?" नाना विचारायचे. नाही पाहिलं, पण पाण्याच्या खात्यात हयात गेलीय, पाणी काय करतं आणि काय करत नाही ते मला कळतं. मग नाना रात्री जेवताना मला सांगायचे की उद्या त्या माणसाला कुठल्या मुद्द्यावर पकडणार आहेत. भात गार व्हायचा. मला वाटलं, जमलं. आता हे कुठले जातात.

पण नाना सरकारी माणूस. एकदा झालेला निर्णय असा भावनेच्या भरात फिरत नसतो. विसर्जन झालं, डोंगर पोत्यांत गेला, कुकर आपापल्या घरी गेले, आणि नानांनी हॉलमध्ये बॅग आणून ठेवली. तीन स्वेटर, पंचा, सासूबाईंचा फोटो. प्रसन्न म्हणाला, बाबा, हवं तर अजून थोडं थांबा. नाना म्हणाले, नको, ठरलंय. सृष्टी बॅगेवर बसून राहिली आणि उठेचना. मी तिला उठ म्हणाले नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती. सकाळी प्रसन्न ऑफिसला गेला आणि बेल वाजली. दारात सचदेवा.

"सुना है, जा रहे हैं," ते म्हणाले. नाना हो म्हणाले. सचदेवांनी बॅगेकडे पाहिलं, मग छताकडे. "जाइए। लेकिन जाने से पहले इतना मान जाइए कि रोटोरुआ के लिए समंदर पार जाने की ज़रूरत ही नहीं थी। सोहना में ज़मीन से गरम पानी निकलता है। गंधक वाला। यहाँ से घंटे भर का रास्ता नहीं है।"

नाना म्हणाले, जमिनीतून गरम पाणी आलं म्हणजे रोटोरुआ होत नाही. सचदेवा म्हणाले, न बघता कसं सांगता. नानांचाच मुद्दा त्यांच्यावर उलटला होता. नानांनी चपला घातल्या. मला म्हणाले, रसिका, तू चल, साक्षीदार लागेल.

सचदेवांच्या पांढऱ्या मारुतीत आम्ही पाच जण बसलो, आशय माझ्या मांडीवर. अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि त्यांच्यावरचे हसऱ्या कुटुंबांचे मोठमोठे फलक मागे पडले, बाजरीची शेतं आली, मग अरवलीच्या बोडक्या टेकड्या. पुढच्या सीटवर वाद एकदाही थांबला नाही. सोहन्याच्या बाजारातून गल्लीने आत गेलो, मंदिराच्या आवारात कुंड होतं. दारातच वास आला, आणि सृष्टी म्हणाली, "नाना, गोलगप्पे."

नानांनी पँट दुमडली, पायरीवर बसले आणि एक पाय पाण्यात घातला. त्यांचे डोळे असे वटारले गेले की रॉड हातात असतानाही तसे कधी वटारले नव्हते. पण पाय त्यांनी काढला नाही. सचदेवा कमरेवर हात ठेवून उभे होते.

"गुनगुना है," नाना म्हणाले, म्हणजे नुसतं कोमट. आवाज जरा वरच्या पट्टीत गेला होता.

"पाँव निकालकर दिखाइए।"

नाना बसून राहिले. शेवटी पाय निघाला तो सोललेल्या बिटासारखा होता. सचदेवांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "अच्छा। गुनगुना है, तो दूसरा भी डालिए।"

नानांनी दुसराही घातला. मला हसू आवरेना, आणि माझ्या पोटाच्या हलण्याने आशय जागा झाला. तोही कशाला तरी हसायला लागला.

दोन्ही पाय लाल करून झाल्यावर नाना पंचाने, म्हणजे माझ्या ओढणीने, ते पुसत म्हणाले की असा निकाल देता येणार नाही. रोटोरुआ त्यांनी कडाक्याच्या थंडीत पाहिलं होतं, आणि इथे आत्ता घाम निथळतोय. अशी तुलना कुठल्याही कचेरीत टिकणार नाही. थंडी पडली की परत यायला हवं. सचदेवा म्हणाले, दिल्लीची थंडी जानेवारीत, त्याआधी काही उपयोग नाही. नाना म्हणाले, मग जानेवारीत. सचदेवा म्हणाले, जानेवारीत माझे गुडघे धरतात. नाना म्हणाले, तर मग यायलाच हवं, गंधकाचं पाणी गुडघ्यांना चांगलं, हे रोटोरुआच्या लोकांनी मला स्वतः सांगितलंय. सचदेवांनी ताबडतोब विचारलं, कुणी सांगितलं, त्याचं शिक्षण काय.

नानांनी माझ्याकडे मान वळवली. "रसिका, प्रसन्नला फोन कर."

"काय सांगू?"

ते आपल्या लाल पायांकडे बघत म्हणाले, "सांग, जानेवारीपर्यंत निर्णय राखून ठेवलाय."

मी एका हाताने आशयला धरून दुसऱ्या हाताने पर्समध्ये फोन शोधत होते. तेवढ्यात सचदेवांनी बूट काढले आणि मोज्यांसकट पाय पाण्यात घालायला निघाले. मोजे घालून घेतलेला चटका ग्राह्य धरला जाणार नाही, हे नाना त्यांना समजावत होते.